आईचं माहेर कुठलं?

बाईंच्या शोकसभेत ओळीनं चार वक्त्यांनी त्यांना 'प्रेमळ' म्हटलं, तेव्हा मी उठून बाहेर आले.

बाई तापट होत्या, भांडखोर होत्या, हट्टी होत्या. वाचनालयाच्या दारात त्यांच्या चपला दिसल्या की कार्यकारिणीचे सभासद मागच्या दारानं निघून जायचे. आणि आता तेच सभासद हार घातलेल्या फोटोशेजारी उभे राहून त्यांच्या मायेच्या आठवणी सांगत होते. माणूस मेलं की त्याला मऊ करून टाकायची ही आपली पद्धत मला सहन होत नाही. राग ही बाईंची आयुष्यभराची कमाई होती. ती परस्पर काढून घेणारे हे कोण?

म्हणून हे लिहायला बसले. त्यांचं नाव देत नाही. त्यांचे भाचे याच गावात आहेत आणि त्यांना कोर्टाची हौस आहे. तसंही सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं. शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि निवृत्तीनंतर त्यांनी मंगळवार पेठेतल्या आमच्या वाचनालयाची मागची खोली ताब्यात घेतली होती. ताब्यात घेतली असंच म्हणायचं, कारण कुणी त्यांना ती दिली नव्हती. तिथं मोडक्या खुर्च्या पडलेल्या असायच्या. बाईंनी त्या एका दुपारी अंगणात काढून टाकल्या आणि दारावर खडूनं 'स्थानिक विभाग' असं लिहिलं. पुढं कधीतरी कार्यकारिणीनं त्याच अक्षरांची पाटी करून दिली.

त्या खोलीत बंद पडलेल्या साप्ताहिकांचे बांधीव अंक होते. तालमींच्या स्मरणिका, शाळांची हस्तलिखितं, कुस्त्यांच्या मैदानांच्या जाहिराती होत्या. आणि लग्नपत्रिका. लग्नपत्रिका पोत्यानं होत्या.

"बाकीच्या कागदात मोठी माणसं असत्यात," बाई म्हणायच्या. "पत्रिकेत समदी असत्यात. मामा असतोय, मामाचं गाव असतंय. मामा म्हंजे कोण? आईचा भाऊ. मामा घावला की आई घावली."

पत्रिका मिळवण्यासाठी त्या कुणाच्याही लग्नाला जायच्या. जेवायच्या नाहीत, आहेर करायच्या नाहीत. मांडवात शिरून वरबापाला गाठायचं, तीन पत्रिका मागून घ्यायच्या आणि तिथंच उभं राहून वाचायच्या. एकदा त्यांच्याबरोबर मी होते. मुलीचे वडील हात जोडून पुढं आले, तर बाईंनी पत्रिकेवर बोट ठेवलं.

"हितं 'सौ. व श्री.' लिहून पुढं फक्त तुमचं नाव हाय. पोरीच्या आईला नाव न्हाय?"

"तसं छापायची पद्धतच हाय की बाई."

"छापणाऱ्याला इच्यारत न्हाय मी. तुमाला इच्यारालोय."

ते गृहस्थ अक्षतांची वेळ झाली म्हणून निसटले. बाईंनी स्वयंपाकघराकडं जाऊन मुलीच्या आईला गाठलं, तिचं नाव, माहेर, गाव विचारलं आणि तिन्ही पत्रिकांवर 'सौ.'च्या पुढं पेनानं लिहून टाकलं. मग आम्ही उपाशी परत आलो.

आईचं माहेर कुठलं, हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारायच्या. रिक्षावाल्याला, केएमटी बसच्या कंडक्टरला, दात काढणाऱ्या डॉक्टरला. समोरच्याला उत्तर आलं नाही तर त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू त्यानं आईला रस्त्यावर सोडलं आहे. आपल्या घराण्याची माहिती शोधायला कुणी आलं की आधी त्यानं घरातल्या चार मेलेल्या बायकांची नावं सांगायची, तरच कपाट उघडायचं, असा त्यांचा कायदा होता. छाती पुढं काढून आलेले कितीतरी लोक दुसऱ्या नावाशीच अडखळायचे. "घरला जावा," बाई सांगायच्या. "म्हाताऱ्या माणसास्नी इच्यारून या. मग बसू."

मी स्वतः अशीच अडखळले होते. माझी आई आजारी होती आणि राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी विचारलं होतं की तिच्या आईकडच्या बाजूला हा आजार कुणाला होता का. आईची आई, म्हणजे माझी आजी, आई लहान असतानाच वारली. तिचं माहेर घरात कुणालाच माहीत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, वाचनालयात एक बाई आहेत, त्या शोधून देतात. मी गेले. बाई डबा खात होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काय पायजे?"

"आजीचं माहेर शोधायचंय."

"आजीचं आडनाव? लग्नाआधीचं."

"माहीत नाही."

"कशावनं आलीस?"

"स्कूटीवरून."

"स्कूटीचा नंबर काय?"

मी नंबर सांगितला. बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "त्यो बरा पाठ हाय," त्या म्हणाल्या.

मला इतका राग आला की मी निघूनच जाणार होते. पण आईचा प्रश्न होता. बाईंनी मला महिनाभर पोती उपसायला लावली. शेवटी आईच्या थोरल्या, आता हयात नसलेल्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका सापडली आणि तिच्यात मामा म्हणून एक नाव होतं, खाली मुरगूड. मी मुरगूडला गेले. त्या घरी माझ्या आजीची भाची भेटली, आणि हो, तिच्या वडिलांना तोच आजार होता. डॉक्टरांना दिशा मिळाली, आईवर वेळेत उपचार झाले. मी पेढे घेऊन बाईंकडं गेले.

"पेढे नकोत," त्या म्हणाल्या. "आजीच्या आईचं नाव आणलीस काय?"

मी आणलं नव्हतं. "परत जा," म्हणाल्या. मी परत गेले. आणि त्यानंतर त्या खोलीतून मी कधी सुटले नाही.

बाईंचा राग कुठून आला, असं लोक मला विचारतात. जणू त्याला काही खास कारण लागतं. तरी एक प्रसंग सांगते. त्यांच्या भावानं नवं घर बांधलं, वास्तुशांतीला मी बाईंबरोबर गेले होते. बाई अविवाहित होत्या. या भावाच्या शिक्षणाला त्यांचा पगार गेला होता, हे मला दुसऱ्यांकडून कळलं होतं, त्या कधी बोलल्या नाहीत. हॉलमध्ये काचेच्या चौकटीत भला मोठा वंशवृक्ष लावला होता. खोडावर मूळपुरुष, फांद्यांवर मुलगे, नातू, पणतू. नुकता जन्मलेला नातूसुद्धा एका कोवळ्या पानावर होता. बाई चष्मा पुसून बराच वेळ वाचत उभ्या राहिल्या.

"ह्या झाडावर एक बी बाईमाणूस न्हाय," त्या म्हणाल्या. "बाप्यांनीच बाप्ये जन्माला घातले काय रं?"

भाचा हसला. "आत्या, पोरींची नावं सासरच्या झाडावर येत्यात. तशी पद्धत असती."

"माझं सासर कुठाय?"

हॉलमध्ये पाहुणे होते. भाचा त्यांच्याकडं बघू लागला.

"मग मी कुठल्या झाडावर बसू?"

वहिनींनी सरबत आणलं. बाईंनी घेतलं नाही. आम्ही रिक्षानं परत निघालो. मंगळवार पेठ आल्यावर त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, "तुझ्या आईचं माहेर कुठलं रं?" त्यानं सांगितलं. "शाबास," बाई म्हणाल्या आणि उतरल्या.

आता अध्यक्षांकडं येते, कारण त्यांच्याशिवाय हे पुरं होणार नाही आणि शोकसभेत त्या चौघांत सगळ्यांत लांब भाषण त्यांचंच होतं. अध्यक्ष म्हणजे आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. इमारती बांधतात. बोलायला गोड. एक दिवस ते स्वतः मागच्या खोलीत आले, बाईंच्या समोर स्टुलावर बसले.

"बाई, आमच्या घराण्याचा ग्रंथ काढायचाय. पणजोबा सरदार होते असं घरात बोललं जातं. तेवढं पुराव्यानिशी काढून द्या."

बाईंनी त्यांनाही चार बायकांची नावं विचारली. त्यांना तीन आली. बाईंनी तीनवर भागवलं. अध्यक्ष म्हणून नव्हे, तीन नावं येणारा पुरुषच दुर्मीळ होता म्हणून.

शोधायला बरेच महिने लागले. सरदार कुठंच सापडला नाही. सापडली गौरव्वा. कानडी मुलखातून आलेली, नवरा मेलेला, पदरात दोन पोरं. पेठेत ती म्हशी पाळायची आणि कट्ट्यावर धारोष्ण दूध विकायची. एका जुन्या साप्ताहिकात तिच्याविषयी चांगला अर्धा रकाना मजकूर होता. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात, त्यात त्या वर्षी गौरव्वाची म्हैस पहिली आली. मानाचा फेटा बांधायची वेळ आली तेव्हा पंच अडले. बाईच्या डोक्याला फेटा कसा बांधायचा, तोही विधवेच्या? त्यांनी तो तिच्या थोरल्या पोराच्या डोक्यावर ठेवला. गौरव्वानं पोराच्या डोक्यावरून फेटा उचलला, म्हशीच्या शिंगांना गुंडाळला आणि कुणाशी न बोलता म्हैस घेऊन घरी गेली. तो पोरगा म्हणजे अध्यक्षांचे आजोबा. पुढच्या पत्रिका, शाळेची स्मरणिका, सगळ्यांतून ती साखळी बाईंनी नीट जुळवली होती.

बाई हसलेल्या मी तेवढ्याच एकदा पाहिल्या. अध्यक्षांना बोलावून त्यांनी तो मजकूर उभं राहून वाचून दाखवला. मला वाटलं, हा माणूस आता उठून त्यांच्या पाया पडेल. असली पणजी मला असती तर मी गावभर सांगत फिरले असते.

अध्यक्षांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "बाई, हे जरा बाजूला ठेवू."

"बाजूला म्हंजे?"

"म्हशी वगैरे नको. दूध विकायचं, विधवा, त्यात कानडी. पोरांची लग्नं व्हायची आहेत अजून. तुम्ही आपलं सरदारांचं बघा."

"सरदार न्हाईच तर बघू कुठनं?"

"काहीतरी असंल की. सगळ्यांच्यात असतोय."

बाईंनी अंक मिटला. "तुमच्यात न्हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्यात त्याच्यापेक्षा मोठं माणूस हाय. पण ते तुमाला झेपायचं न्हाय. उठा."

ते उठले. दारात थांबून त्यांनी नमस्कारसुद्धा केला. मला त्या नमस्काराचा आजही संताप येतो.

पुढच्या बैठकीत ठराव झाला. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना वातानुकूलित अभ्यासिका हवी आहे, सबब मागची खोली रिकामी करून तेथील साहित्य सुरक्षित स्थळी हलवावे. विरोध करायला तोंड नव्हतं, कारण मुलांना जागा खरोखरच हवी होती. बाईंनाही ते मान्य होतं. त्या बैठकीत घुसल्या आणि म्हणाल्या, "पोरास्नी जागा द्या की. वरचा हॉल रिकामा हाय. तितं अध्यक्षांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स ठेवल्यात, ते हलवा." कुणीही मान वर केली नाही. त्यात दोन प्राध्यापक होते. दोघांनीही त्या खोलीत बसून पुस्तकं लिहिली होती. मी सह्यांचा कागद घेऊन गावभर फिरले. इतिहासावर तासतास बोलणारी माणसं मला चहा पाजून, सही न करता, दारापर्यंत सोडायला आली.

टेंपो आला तेव्हा बाईंना कुणी कळवलं नाही. सुरक्षित स्थळ म्हणजे गावाबाहेरचं अध्यक्षांचंच गोदाम निघालं. आम्ही दोघी तिथं पोचलो तेव्हा साप्ताहिकांच्या गठ्ठ्यांवर सिमेंटची पोती रचलेली होती. खालची फरशी ओली होती. खालच्या थरातल्या अंकांची पानं एकमेकांना चिकटून विटा झाल्या होत्या. बाई रडल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, एकेक गठ्ठा ओढून काढला आणि उघडून बघू लागल्या. गौरव्वाचा अंक चिकटलेल्यांत होता. त्यांनी तो सोडवायचा प्रयत्न केला, तर हातात नुसता लगदा आला. जे वाचलं ते आम्ही रिक्षानं फेऱ्या मारून त्यांच्या घरी नेलं. बाई गेल्यावर भाच्यांनी तेही काढायला रद्दीवाला बोलावला होता. मी आधी पोचले म्हणून ते आज माझ्या घरी आहे. माझ्या हॉलमध्ये आता पाहुण्यांना बसायला जागा नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही.

ग्रंथ निघाला. सोनेरी अक्षरं, जाड कागद. पहिल्याच पानावर घोड्यावर बसलेल्या सरदाराचं रंगीत चित्र, आणि त्याखाली बारीक टाइपात, 'संपूर्ण नाव उपलब्ध नाही'. ज्याचं नावच उपलब्ध नाही त्याला घोडा मिळाला, तलवार मिळाली. जिचं नाव, गाव आणि कर्तृत्व छापलेलं होतं तिला साडेतीनशे पानांत एक ओळ मिळाली नाही.

प्रकाशनाला बाई गेल्या. मी नको म्हणत होते. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. अध्यक्षांच्या आत्या पहिल्या रांगेत होत्या. नव्वदीच्या, काठीवर वाकलेल्या, कागलकडच्या एका गावात दिलेल्या. घराण्यातलं सर्वांत वडील माणूस म्हणून त्यांचा सत्कार ठेवला होता. सरदारांवर तीन भाषणं झाली, मग आत्यांना स्टेजवर नेलं, शाल घातली आणि सूत्रसंचालकानं माइक त्यांच्या तोंडाशी धरला. दोन शब्द आशीर्वादाचे, म्हणाला.

"मला काय बोलाय येत न्हाय," आत्या म्हणाल्या. "पर सरदार कंचा म्हणालासा त्यो? माझा बा पाटं उठून म्हशी धुयाचा. त्येची आई गौरव्वा. माझी आज्जी. तिनं समद्यास्नी वाढिवलं. मघाधरनं ऐकालोय, तिचं नाव कुणीच घेतलं न्हाय."

बाई ताठ बसल्या. आणि सूत्रसंचालकानं हळूच माइक मागं घेतला, "आत्यांच्या भावना दाटून आल्या आहेत," म्हणाला, आणि सनईची टेप लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष हात जोडून हसत होते. दुसऱ्या दिवशी बातमीत आलं की सोहळा थाटात पार पडला.

जेवणाच्या मंडपात आत्यांना एका खुर्चीत बसवून सगळे पांगले होते. बाई तरातरा त्यांच्यासमोर गेल्या. मला वाटलं हात हातात घेतील.

"इतकी वर्सं कुठं हुतासा?" बाई ओरडल्या. "आज तोंड उघाडलासा. ह्याच्या आधी काय झालतं तोंडाला?"

आत्यांनी मान वर केली. त्यांनाही बाईंइतकाच राग येत असावा. "कुणी इच्यारलं?" त्या म्हणाल्या. "तू कोण गं? त्या वाचनालयातली न्हवं? आमच्या आज्जीला हुडकालतीस म्हणं. मग माझ्या दारात आलीस कधी? मी जित्ती हाय की. कागदात हुडकत बसलीस."

बाई शेजारच्या खुर्चीत बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला नाही, फक्त तो आता स्वतःकडं वळला होता.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आता इच्यारतो. गुरुवारी याल काय वाचनालयात? यष्टीनं?"

"यीन की. मला काय धाड भरल्या."

गुरुवारी आत्या आल्या. एकट्या नाही. गल्लीतल्या आणखी तीन म्हाताऱ्या घेऊन आल्या, त्यांनाही आपापल्या आयांची नावं लिहवून घ्यायची होती. बाईंची खोली राहिली नव्हती. तिथं आता काचेचं दार होतं, आत गार हवा, लाकडी खणांत खाली मान घालून बसलेली मुलं. मी म्हटलं, माझ्या घरी जाऊ. बाईंनी ऐकलं नाही. त्यांनी काचेचं दार ढकललं, भिंतीकडेची सतरंजी अंथरली आणि चारी म्हाताऱ्यांना मध्यभागी बसवलं.

"हं," बाई आत्यांना म्हणाल्या. "गौरव्वाची आई कोण? तितनं सुरू करा."

"तिचं नाव बाळव्वा," आत्या म्हणाल्या. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्या मोठ्यानं बोलायच्या. खणांतून माना वर आल्या. दुसरी म्हातारी तिच्या आईचं नाव सांगू लागली, तिसरी तिला मध्येच थांबवून आपलं सांगू लागली.

शिपाई धावत आला. "बाई, आवाज कमी करा की. पोरं परीक्षेचा अभ्यास करालीत."

"करू देत," बाई म्हणाल्या. "ह्यो भाग परीक्षेला येत न्हाय. म्हणूनच मोठ्यानं सांगायचा." आणि आत्यांकडं वळून म्हणाल्या, "बाळव्वाची आई?"